मधुमेहातील तळव्याची जखम : कोलॅजेन, चांदी की ग्रोथ फॅक्टरची जेल?

कातळसडा

नमस्कार. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६८ वर्षांचे असून एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना १९ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली दोन-तीन वर्षे तळपायांना फारसे काही जाणवत नाही. पाच महिन्यांपूर्वी उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुंध्याशी, तळव्यावर पडलेला घट्टा फुटला आणि तिथे जखम झाली. ती आता साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर रुंद आहे. दुखत अजिबात नाही, त्यामुळे पहिले तीन आठवडे त्यांनी घरात कोणाला सांगितलेच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा आईच्या लक्षात आले.

सुरुवातीला तालुक्याच्या दवाखान्यात बीटाडीन आणि गॉज, मग शहरातल्या एका रुग्णालयात हायड्रोजेलची ट्यूब, त्यानंतर चांदीयुक्त पट्टी, असे सारे करून झाले. जखम ना वाढते ना भरते. तिच्यातून लस बरीच येते आणि कडेची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी झाली आहे. आता नव्या शल्यचिकित्सकांनी कोलॅजेनची पट्टी आणि नंतर ग्रोथ फॅक्टरची जेल सुचवली आहे. एका पट्टीचे साडेतीन हजार रुपये आणि आठवड्याला दोन पट्ट्या, असा हिशेब आहे. खर्च करायची तयारी आहे, परंतु कशासाठी करतो आहोत हे समजून घ्यायचे आहे.

या पदार्थांत नेमका फरक काय, आणि महाग म्हणजे अधिक गुणकारी असे काही असते का? ग्रोथ फॅक्टर खरोखर मांस भरून आणतात का? शिवाय डॉक्टरांनी ओझरते असेही सांगितले की, संसर्ग हाडापर्यंत गेला असेल तर प्रतिजैविक भरलेले मणी आत ठेवता येतात आणि औषध थेट त्या जागीच काम करते. याविषयीही कोणी जाणकाराने लिहिले तर आभारी राहीन.

बहुवारिक

मी वैद्य नाही. जखमेवर वापरायच्या पॉलिमरांवर (लांब साखळ्यांच्या रेणूंच्या पदार्थांवर) प्रयोगशाळेत बारा वर्षे काम करतो आहे, त्यामुळे कोणता पदार्थ काय करतो एवढे सांगू शकेन. अण्णांच्या पायाला काय हवे, हे पाय हातात घेऊन पाहणाऱ्यानेच ठरवायचे.

आपल्याकडे अजूनही 'जखमेला हवा लागू द्या, कोरडी होऊ द्या' असे सांगणारी मंडळी घरोघरी आहेत. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. याचे कारण साधे आहे. उघड्या जखमेवर खपली धरते आणि कडेकडून येणाऱ्या नव्या पेशींना त्या कोरड्या थराखालून वाट काढत जावे लागते. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या सरळ पुढे सरकतात. तेव्हापासून पट्ट्यांचे शास्त्र बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे : ओल राखायची, पण किती?

या प्रश्नाने पाहिले की आपल्या यादीतले पदार्थ आपोआप वेगळे होतात. हायड्रोजेल म्हणजे पाण्याने भरलेले पॉलिमरचे जाळे; त्यात वजनाने ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असू शकते. कोरड्या, काळपट, खपली धरलेल्या जखमेला ते पाणी देते, आतले मृत थर मऊ करते आणि भाजलेल्या जागी थंडावाही देते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून असे हायड्रोजेल बनवले आहे. त्यात गॅमा किरणांचा एकच मारा पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडतो आणि त्याच वेळी पट्टी निर्जंतुकही करतो, त्यामुळे साखळ्या जोडायला वेगळे रसायन घालावे लागत नाही. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते. परंतु लस वाहणाऱ्या जखमेवर हायड्रोजेल लावणे म्हणजे गळत्या छपराखाली आणखी एक घागर ओतण्यासारखे आहे. कडेची कातडी पांढरी पडल्याचे आपण लिहिले आहे. त्याला त्या ट्यूबचा हातभार लागला असावा, असा माझा अंदाज आहे.

अल्जिनेटचे काम उलट असते. ते तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात आणि पट्टीत ते कॅल्शियम अल्जिनेटच्या तंतूंच्या रूपात असते. हातात घेतले तर पिंजलेल्या कापसासारखे लागते. जखमेतल्या लसीत सोडियम भरपूर असते. तंतूंतले कॅल्शियम बाहेर येते, सोडियम आत शिरते आणि तंतू फुगून त्यांची बुळबुळीत जेल होते. लस शोषली जाते, ओलही टिकते आणि पट्टी काढताना नवे मांस ओरबाडले जात नाही. सुटलेले कॅल्शियम रक्त गोठण्यालाही मदत करते. मात्र हीच पट्टी कोरड्या जखमेवर लावली तर ती तिथे चिकटून बसते आणि काढताना रक्त येते. पदार्थ एकच असला, तरी जखमेगणिक त्याचे गुणदोष असे पालटतात.

चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) जंतूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना पकडतात आणि त्यांचे कार्य बंद पाडतात. अडचण अशी की आयनांना जंतू आणि आपल्या पेशी यांतला भेद कळत नाही. प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींवरही चांदीचा विषारी परिणाम दिसतो. त्यामुळे संसर्ग नसताना महिनोन्महिने चांदी लावत राहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कोलॅजेन म्हणजे त्वचेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन. त्याबाबतचा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. मधुमेहातली जुनी जखम बहुधा दाहाच्या टप्प्यावरच अडकून पडलेली असते. तिथे मेटॅलोप्रोटिनेझ नावाची, प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम) प्रमाणाबाहेर वाढतात आणि शरीर जे नवे कोलॅजेन विणते ते लगोलग कापून टाकतात. बाहेरून दिलेले कोलॅजेन या विकरांपुढे चारा म्हणून टाकायचे, म्हणजे ती त्यात गुंततील आणि खालचे नवे विणकाम वाचेल, अशी कल्पना आहे. कागदावर ती पटते. तरीही मधुमेही पायावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ जखम भरून यावी या हेतूने कोलॅजेनच्या वा अल्जिनेटच्या पट्ट्या वापरू नयेत, असा सल्ला दिला आहे. चांदी आणि मधाबद्दलही त्यांचे मत तेच आहे. लस किती येते, रुग्णाला सोय कशात आहे आणि खर्च किती होतो, हे पाहून पट्टी निवडावी, एवढेच ते सांगतात.

त्यांनी ज्याला थोडी अनुकूलता दाखवली आहे, त्यात सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेली पट्टी आहे. साखरेच्या रेणूला सल्फेटचे आठ गट जोडलेला हा पदार्थ वर सांगितलेल्या विकरांना आवर घालतो. युरोपातील पाच देशांत २४० रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले : वीस आठवड्यांत या पट्टीने ४८ टक्के जखमा पूर्ण भरल्या, तर तशाच दिसणाऱ्या साध्या पट्टीने ३० टक्के. या चाचणीत संसर्ग झालेल्या किंवा रक्तपुरवठा अगदीच तुटलेल्या जखमा घेतल्या नव्हत्या, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता ग्रोथ फॅक्टरबद्दल, म्हणजे पेशींना वाढण्याचा निरोप देणाऱ्या प्रथिनांबद्दल. प्लेटलेटपासून मिळणाऱ्या वाढघटकाची जेल, बेकाप्लेरमिन, हिला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. मुख्य चाचणीत वीस आठवड्यांनंतर जेल लावलेल्या गटात ५० टक्के आणि औषधविरहित जेलच्या गटात ३५ टक्के जखमा भरल्या होत्या. आपल्याकडे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरची जेल मिळते आणि तिची किंमत परदेशी जेलच्या मानाने बरीच कमी आहे. पण प्रथिन हा नाजूक जीव आहे. वर सांगितलेल्या विकरांनी भरलेल्या जखमेत तो फार वेळ टिकत नाही. बेकाप्लेरमिनच्या एका चाचणीची आकडेवारी तपासताना असे आढळले होते की, ज्या केंद्रांत मृत थर वारंवार कापून जखम स्वच्छ केली जात होती तिथे जखमा अधिक भरल्या, मग जेल खरी असो वा नुसती. कार्यगटाने २०२३ मध्ये ग्रोथ फॅक्टरही नेहमीच्या उपचारात न घेण्याकडे कल दाखवला आहे.

आता किमतीविषयी. पट्टीची किंमत तिचा उगम, शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण आणि वितरण यांवर ठरते. जखम किती भरेल, याच्याशी तिचा थेट संबंध नाही.

पट्टीवाली

मी २६ वर्षे परिचारिका असून त्यांतली चौदा वर्षे मधुमेही पायांच्या बाह्यरुग्ण विभागात गेली आहेत. वरचा प्रतिसाद वाचून माझे काम सोपे झाले, पण आपल्या प्रश्नात एक गोष्ट आलेलीच नाही आणि ती मला खटकली. अण्णा चालतात कसे?

अंगठ्याच्या बुंध्याशी तळव्यावर झालेली जखम म्हणजे दाबाची जखम. पाऊल उचलताना शरीराचा सगळा भार त्याच जागेवर येतो. दिवसातून दोन-तीन हजार वेळा ती जागा दाबली जात असेल, तर वर कोलॅजेन ठेवा नाहीतर सोन्याचा वर्ख, आतले कोवळे मांस चिरडणारच. यावरचा खरा उपचार म्हणजे गुडघ्यापर्यंतचे, सहज काढता न येणारे प्लास्टर, ज्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवरच्या जखमा अशा प्लास्टरने भरतात, हा अनुभव आपल्या देशात जुना आहे. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी ही पद्धत रुजवली. 'काढता न येणारे' हा शब्द महत्त्वाचा आहे. काढता येणारा बूट दिला की रुग्ण दवाखान्यात तो घालून येतो आणि घरी कोपऱ्यात ठेवतो. आमच्याकडे एक आजोबा तसा बूट घालून यायचे. चार महिने वापरूनही त्याच्या तळाची नक्षी जशीच्या तशी होती. मात्र संसर्ग जोरात असेल किंवा रक्तपुरवठा फार कमी असेल तर असे प्लास्टर घालत नाहीत, म्हणून आधी तपासण्या झाल्या पाहिजेत.

त्यासाठी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. पहिली म्हणजे पायाचा रक्तपुरवठा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात, पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या पाइपासारख्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजायला सांगा. तो ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर पट्टीचा विचार बाजूला ठेवून आधी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जावे लागेल. दुसरी, निर्जंतुक धातूची बोथट सळई जखमेत घातल्यावर खाली हाड खट्टकन लागते का. लागत असेल तर हाडाच्या संसर्गाचा संशय बळावतो आणि एक्स-रे लागतो. तिसरी, कडेचा घट्टा आणि पांढरी कातडी दर खेपेला नीट कापून काढली जाते का.

घरी करण्यासारखे एक काम सांगते. पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा जखमेवर अलगद धरा आणि बाहेरच्या बाजूने मार्करने कड गिरवून घ्या. जखमेला टेकलेली बाजू पुसून टाका, कागद आलेखाच्या वहीवर ठेवा आणि आतले चौकोन मोजा. दर आठवड्याला तारीख घालून हे करा. चांगले उपचार सुरू असताना चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर काहीतरी चुकते आहे असे समजायचे. फोटो फसवतात, रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या डोळ्यांचेही तेच.

कोलॅजेन आणलेच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. ओल्या स्वरूपातली कोलॅजेनची पट्टी पाकिटात बहुधा अल्कोहोलच्या द्रावणात ठेवलेली असते. ती सलाईनमध्ये नीट खळबळून धुतल्यावाचून जखमेवर ठेवायची नाही. आणि पिवळा चिकट थर तसाच ठेवून त्यावर कोलॅजेन घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

शेंदूर

चर्चा उद्बोधक आहे. मला दोन शंका आहेत. एक, हे कोलॅजेन कोणत्या प्राण्यापासून काढतात? आमच्या घरी आईला हा प्रश्न धर्माच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो आणि दुकानदाराला विचारले तर तो खांदे उडवतो. दुसरी, भाजलेल्यांना केळीच्या पानावर झोपवतात असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यात काही शास्त्र आहे की ती नुसती समजूत?

बहुवारिक

पहिल्या शंकेबाबत : कोलॅजेन गाय-म्हैस, डुक्कर किंवा मासे यांपासून मिळते आणि उत्पादनागणिक उगम बदलतो. पाकिटावर किंवा आतल्या माहितीपत्रकावर तो लिहिलेला असतो; नसेल तर डॉक्टरांमार्फत उत्पादकाला विचारावे. ही विचारणा करण्यात संकोच बाळगू नये, कारण ॲलर्जीच्या दृष्टीनेही ती माहिती लागते. कायटोसानच्या पट्ट्या कोळंबी-खेकड्याच्या कवचांपासून होतात. त्यांचे धन विद्युतभारित गट ऋणभारित तांबड्या पेशींना चिकटून रक्तस्राव थांबवतात, म्हणून रणांगणावरच्या प्रथमोपचारात त्या आल्या. ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांनी हे आधी सांगितलेले बरे. कृत्रिम त्वचेचे जे पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते, ते तर गाय आणि शार्क यांच्या संगमातून आले : यानास आणि बर्क या संशोधकांनी बॉस्टनमध्ये गायीचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतले कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांची सच्छिद्र जाळी करून वर सिलिकोनचा पापुद्रा बसवला. १९९६ साली अमेरिकेत तिला भाजलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. जाळीच्या छिद्रांचा आकार आणि ती विरघळण्याचा वेग जुळवल्यामुळे शरीर तिथे व्रण धरण्याऐवजी त्वचेच्या आतल्या थरासारखे काही घडवते. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून उरलेल्या जाळीची पट्टी विकसित झाली आहे आणि २०२३ मध्ये तिला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

केळीच्या पानाबद्दल विचारलेत याचा मला आनंद झाला, कारण हे काम आपल्या मुंबईतले आहे. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी ऐंशीच्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरल्या आणि ते काम 'बर्न्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी आणि बटाट्याच्या सालीची पट्टी यांची रीतसर तुलना केली. दोन्ही सारख्याच परिणामकारक ठरल्या आणि पान अधिक स्वस्त पडले. पान गुळगुळीत व मेणचट असल्यामुळे जखमेला चिकटत नाही, ओल राखते, आणि काढताना वेदना होत नाहीत. म्हणजे विंटर यांच्या पॉलिथिनचे काम ते पान करते. परंतु ती निर्जंतुक केलेली पाने होती आणि जखमा भाजल्याच्या, त्याही अर्धवट खोलीच्या होत्या. परसातले पान आणून अण्णांच्या तळव्याला बांधण्याचा विचार कोणी करू नये.

कातळसडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

पट्टीवाली ताई, आपला प्रश्न वाचून मला शरम वाटली. अण्णा रोज सकाळी स्लिपर घालून बागेत पाणी द्यायला जात होते आणि पाच महिन्यांत एकाही डॉक्टरांनी 'चालता कसे' असे विचारले नव्हते. आम्हीही विचारले नाही. अंगठ्यावरचा दाब मोजून घेतला, तो ५२ आला. म्हणजे रक्त बऱ्यापैकी पोचते आहे. पण सळई आत गेल्यावर हाड लागले आणि एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या मागच्या हाडाचे टोक कुरतडल्यासारखे दिसले. शल्यचिकित्सकांनी कोलॅजेनचा बेत स्थगित केला आहे. खराब झालेला हाडाचा भाग काढून त्या पोकळीत व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविके मिसळलेले कॅल्शियम सल्फेटचे मणी ठेवायचे, असे ठरले आहे. सोबत शिरेतून आणि नंतर पोटातून प्रतिजैविके आहेतच.

माझा प्रश्न असा की, औषध रक्तातून जातच असेल तर मणी कशाला? आणि वर्तमानपत्रात जी 'स्मार्ट हायड्रोजेल' वाचायला मिळतात, जखमेतली साखर किंवा आम्लता ओळखून आपोआप औषध सोडणारी, ती या मण्यांऐवजी मिळणार नाहीत का?

अस्थिवेध

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. आपल्या वडिलांना तपासलेले नसल्याने सर्वसाधारण लिहितो.

हाडाचा मेलेला तुकडा आणि त्याभोवतीची पोकळी यांना रक्तपुरवठा नसतो. शिरेतून दिलेले औषध रक्त जिथवर जाते तिथवरच पोचते, आणि जंतू नेमके त्यापलीकडे चिकट थर करून बसलेले असतात. त्या थरातल्या जंतूंना मारायला लागणारी मात्रा रक्तातून द्यायची म्हटली तर मूत्रपिंडे आणि कान आधी जातील. जेंटामायसिनबाबत तर हे विशेष खरे आहे. मण्यांमुळे त्या पोकळीत औषधाचे प्रमाण कितीतरी पट जास्त राहते आणि रक्तात ते अत्यल्प उतरते. लक्ष्यवेधी उपचार म्हणतात तो हाच.

ही कल्पना सत्तरच्या दशकात जर्मनीत हाडांच्या सिमेंटपासून सुरू झाली. त्या ॲक्रिलिक सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळून मणी करत आणि तारेत ओवून माळेसारखे ठेवत. अडचणी दोन होत्या. सिमेंट घट्ट होताना इतके तापते की उष्णता न सोसणारी प्रतिजैविके निकामी होतात. आणि ते विरघळत नसल्यामुळे माळ काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, नाही काढली तर औषध संपल्यावर तिच्यावरच जंतू बसतात. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचेच शुद्ध, वैद्यकीय रूप. शस्त्रक्रियागृहात भुकटीत औषध आणि द्रव मिसळून लगदा करतात, रबराच्या साच्यात थापतात आणि काही मिनिटांत पांढरे मणी तयार होतात. ते फारसे तापत नाहीत आणि काही आठवड्यांत शरीरात विरघळून जातात. मण्यांनी शस्त्रक्रियेचे काम भागत नाही, हेही सांगून ठेवतो. मेलेले हाड आत राहिले तर मणी किती का घाला, उपयोग नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांत वडिलांच्या सुस्तीकडे, उलटीकडे किंवा गोंधळल्यासारखे वागण्याकडे लक्ष ठेवा. क्वचित रक्तातले कॅल्शियम वाढते, विशेषतः मणी जास्त घातले असतील किंवा मूत्रपिंडे आधीच अधू असतील तर.

बहुवारिक

स्मार्ट हायड्रोजेलबद्दल मी लिहितो, कारण माझ्या ताटात तेच वाढलेले असते.

त्यामागचे रसायन खरे आहे. बोरॉनिक आम्लाचे गट साखरेशी बंध जोडतात, म्हणून साखर वाढली की जेलची वीण सैल होते आणि आतले औषध बाहेर पडते. जुनाट जखमेचा सामू (पीएच) अल्कधर्मी बाजूला सरकलेला असतो, निरोगी त्वचेचा आम्लधर्मी असतो. त्या फरकावर फुगणारे पॉलिमर बनवता येतात. मी स्वतः ज्यावर काम करतो त्यात साखळ्यांना जोडणारा दुवाच असा पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) असतो की जखमेतली ती खादाड विकरे त्याला कापतात. म्हणजे विकरे जिथे जास्त, तिथेच औषध जास्त सुटते.

आता अडचण. यांतले बहुतेक प्रयोग उंदरांवर होतात. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, जो माणसात जवळपास नाही. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः कडा आक्रसून, बटव्याची दोरी ओढावी तशी बंद होते. माणसाच्या तळव्यावरची जखम खालून मांस भरत आणि कडेने त्वचा सरकत बंद होते. आम्ही जखमेभोवती सिलिकोनचे कडे टाके घालून बसवतो, म्हणजे उंदराला ती आक्रसता येऊ नये. पण असे न करता 'चौदा दिवसांत शंभर टक्के' असे आलेख छापणारेही आहेत. शिवाय मधुमेही उंदीर काही आठवडे आजारी असतो, अण्णा एकोणीस वर्षे आहेत. उंदीर स्लिपर घालून बागेलाही पाणी देत नाही.

म्हणून ज्यांची वर्तमानपत्री छायाचित्रे आपण पाहता, त्यांची अण्णांसाठी वाट पाहू नये. जे मिळते त्यात कॅल्शियम सल्फेटचे मणी हे फार चतुर नसलेले, पण आपले काम चोख करणारे साधन आहे.

कातळसडा

शस्त्रक्रिया होऊन आज नववा दिवस. अण्णांना ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे, बोलणे-वागणे नेहमीसारखे आहे. टाके काढल्यावर प्लास्टर घालणार आहेत. तोवर वॉकर आणि पूर्ण आराम. बागेला पाणी आता मी देतो.

एक काळजी आहे. कालपासून टाक्यांच्या एका कडेने दुधासारखे पांढरे पातळ पाणी झिरपते आहे आणि गॉज दिवसातून दोनदा ओले होते. आईला तो पू वाटतो. रुग्णालयाची पुढची तारीख चार दिवसांनी आहे.

पट्टीवाली

मणी विरघळू लागले की असे पांढरे, चुन्याच्या निवळीसारखे पाणी येते, आणि नवख्या परिचारिकाही त्याला पू समजून घाबरतात. गॉजवर घेऊन बोटांत चोळून पाहा, अर्थात हातमोजे घालून : मण्यांचे पाणी पातळ आणि किंचित भुकटीसारखे लागते, त्याला वास नसतो, पू दाट, चिकट, पिवळसर असतो आणि वास येतो. कडेची लाली वाढते आहे का, पाऊल गरम लागते का, साखर अचानक चढली आहे का, हेही पाहा. तळव्याला जाणीव नसल्याने दुखण्यावर विसंबू नका.

पाणी मण्यांचे असले तरी टाक्यांभोवतीची कातडी त्याने भिजत राहता कामा नये. कडेला, कातडी भिजू न देणाऱ्या (बॅरियर) मलमाचा पातळ थर द्या आणि गॉजऐवजी शोषून घेणारी फोमची पट्टी मागून घ्या. इथे तिचा पैसा वसूल होतो. आणि चार दिवस थांबू नका. माझे वर्णन वाचून तुम्ही ओळखाल, पण टाके पाहिल्याशिवाय मी ओळखणार नाही. उद्या सकाळी ओले गॉज एका स्वच्छ पिशवीत घालून सोबत घ्या आणि अण्णांना दाखवून आणा. रिक्षातून उतरताना उजवा पाय खाली टेकू देऊ नका.